आयर्लंडच्या पुराणकथांतील स्थळे पाहताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

भारतातून आयर्लंड पाहायला येणारे आप्त आणि मित्र बहुधा आमच्या डब्लिनच्या घरी उतरतात, आणि त्यांतील निम्मे तरी एकाच प्रकारे फसतात. हॉटेल, गाडी, रोजचा मार्ग असे सगळे ठरवून झाल्यावर, निघण्याच्या आदल्या रात्री ते न्यूग्रेंज या प्राचीन समाधिवास्तूच्या तिकिटांसाठी संगणक उघडतात आणि त्या आठवड्यातील सर्व वेळा भरलेल्या आढळतात. मग घाईघाईने ताराच्या, म्हणजे राजांच्या टेकडीवर जातात, तिथे गवताखेरीज काही दिसत नाही, आणि गुहेत शिरायचे म्हणून पांढरे बूट घालून दोन तास गाडी चालवत रॅथक्रोहनला पोहोचतात, तर वाटाड्याची फेरी सकाळीच होऊन गेलेली असते. यातील एकही चूक नशिबाची नसते. सगळ्या क्रम चुकल्यामुळे होतात. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे आणि तो त्याच क्रमाने वापरावा.

टप्पा १: आधी कथा निवडा, मग नकाशा

केल्टिक, म्हणजे आयरिश व तिच्या जवळच्या भाषा बोलणाऱ्या जुन्या लोकांच्या, पुराणकथांची स्थळे म्हटली की यादी फार लांबते. आठवडाभराच्या सहलीत ती सगळी बसत नाहीत, आणि बसवली तर सगळा वेळ गाडीत जातो. आयर्लंडपुरते बोलायचे तर दोन कथाचक्रांतून निवड करणे सोयीचे पडते. पहिले तुआहा डे डॅनन या देवगणांचे: दाग्दा, त्याचा मुलगा एंगस, बोइन नदीला जिच्यामुळे नाव मिळाले ती बोअन, आणि लू. या कथांची मुख्य स्थळे देशाच्या पूर्वेला आणि मध्यभागी आहेत: ब्रू ना बोन्या (न्यूग्रेंज हा त्याचाच भाग), तारा, उश्नाख. दुसरे चक्र अल्स्टरचे. कॉनाक्टची राणी मेव्ह आणि अल्स्टरचा वीर कू खुलिन यांच्यात एका बैलावरून पेटलेले युद्ध हा त्याचा गाभा, आणि त्याची स्थळे पश्चिमेला रॅथक्रोहन व स्लायगो, तर उत्तरेला आर्माजवळील एवन माखा येथे आहेत.

चार दिवस हाताशी असतील तर पूर्व आणि पश्चिम दोन्ही होतात. दोनच दिवस असतील तर पूर्वेवर समाधान मानावे.

निघण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की असावी, म्हणजे पुढचा गोंधळ टळतो. न्यूग्रेंज इ. स. पूर्व ३२०० च्या सुमारास बांधले गेले; आयरिश भाषा बोलणारे लोक आणि त्यांच्या कथा त्यानंतर फार काळाने आल्या. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना जसे लोकांनी पांडवलेणी म्हटले, तसेच इथेही झाले: आधीच उभ्या असलेल्या, कोणी बांधल्या हे विसरल्या गेलेल्या वास्तूंत नंतरच्या लोकांनी आपले देव राहायला पाठवले. त्यामुळे ‘केल्ट लोकांनी बांधलेले देऊळ’ शोधायला जाऊ नये. वाटाड्याला तसे विचारले तर तो सौम्यपणे, पण ठामपणे दुरुस्ती करतो.

*तपासणी:* निवडलेल्या प्रत्येक स्थळासमोर तीन गोष्टी लिहा: खुले आहे की तिकीट लागते, सरकारी आहे की खासगी शेतात, आणि आपण जाणार त्या महिन्यात चालू आहे की नाही. तिसरा रकाना रिकामा ठेवणारे लोक नंतर बंद दारासमोर फोटो काढतात.

टप्पा २: व्हिसा

आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही. फ्रान्स किंवा जर्मनीचा शेंगेन व्हिसा दाखवून डब्लिन विमानतळावर प्रवेश मिळत नाही. ही चूक अनुभवी प्रवासीही करतात, कारण त्यांच्या डोक्यात ‘युरोप’ हा एकच शिक्का असतो.

भारतीय पारपत्रधारकाला आयर्लंडचा अल्प मुदतीचा व्हिसा स्वतंत्र घ्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याचा सारांश छापून त्यावर सही करायची आणि कागदपत्रांसह अर्ज केंद्रात द्यायचा. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो; ती मुभा पूर्ण वापरावी. निकाल येईपर्यंत परतावा न मिळणारी विमान तिकिटे घेऊ नयेत.

एवन माखा पाहायचे असेल तर आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. आर्मा हे शहर उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये येते. रस्त्यावर चौकी नाही, कोणी अडवत नाही, फक्त वेगमर्यादेचे फलक किलोमीटरऐवजी मैलांत दिसू लागतात आणि दुकानात युरोऐवजी पौंड मागतात. परंतु चौकी नसणे म्हणजे परवानगी असणे नव्हे. भारतीय नागरिकांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. व्हिसावर त्या योजनेची नोंद असेल तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येते. मात्र पहिला प्रवेश ज्या देशाने व्हिसा दिला त्याच देशात करावा लागतो.

*सावधान:* व्हिसावर ही नोंद नसेल आणि युनायटेड किंग्डमचा वेगळा व्हिसाही नसेल, तर एवन माखा यादीतून काढून टाका. ‘तासाभरात जाऊन येऊ, कोणाला कळणार आहे’ हा हिशेब पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात डोके वर काढू शकतो.

टप्पा ३: आरक्षण, आणि तेही याच क्रमाने

प्रथम न्यूग्रेंज. त्याची वेळ हाती आल्याशिवाय बाकीचा एकही दिवस पक्का करू नका. आरक्षण मर्यादित काळ आधी खुले होते, म्हणून तारीख टिपून ठेवावी आणि खुले होताच तिकीट काढावे. तिकिटांचे प्रकार नीट वाचावेत: केवळ प्रदर्शनाचे, वास्तू बाहेरून दाखवणाऱ्या फेरीचे, आणि आतल्या दालनात प्रवेश देणारे. स्वस्त दिसते म्हणून, किंवा तेवढेच शिल्लक आहे म्हणून बाहेरच्या फेरीचे तिकीट घ्यायचे आणि तिथे जाऊन ‘आत सोडा’ म्हणायचे, हे रोज घडते. आत सोडत नाहीत. सरकारी वारसास्थळांचे वार्षिक हेरिटेज कार्ड असले तरी ते पैसे वाचवते, जागा राखून ठेवत नाही. वेळ वेगळी घ्यावीच लागते.

दुसरे रॅथक्रोहन. तेथील मांजरांची गुहा खासगी शेतात आहे आणि टल्स्क गावातील केंद्राच्या वाटाड्यासोबत जाणे हाच तिथे शिरण्याचा शहाणपणाचा मार्ग आहे. ऑक्टोबरअखेर, सॉविन या सणाच्या सुमारास, या फेऱ्या लवकर भरतात. (हे नाव रोमन लिपीत ‘सामहाइन’ वाटेल असे लिहिलेले दिसते, उच्चार मात्र सॉविन. आयरिश नावे अक्षरांवरून वाचू नयेत, ऐकून शिकावीत.)

तिसरे उश्नाख. ही टेकडीही शेतकऱ्याच्या मालकीची आहे आणि तिथे आगाऊ ठरवलेल्या फेरीनेच जाता येते.

तारा आणि स्लायगोजवळचा नॉकनारे डोंगर यांना आरक्षण लागत नाही, म्हणून ती उरलेल्या वेळांत बसवावीत. लोक नेमके उलटे करतात: सोपी स्थळे आधी ठरवतात आणि अवघड स्थळांसाठी सहलीत जागाच उरत नाही.

न्यूग्रेंजमधील हिवाळी अयनदिनाच्या सूर्यकिरणांबद्दल मला वारंवार विचारणा होते. २१ डिसेंबरच्या आसपास सूर्योदयानंतर दारावरच्या एका छोट्या झरोक्यातून प्रकाशाची तिरीप १९ मीटर लांबीच्या बोळातून दालनापर्यंत पोहोचते आणि सुमारे १७ मिनिटे टिकते. आत थांबण्याची संधी सोडतीने मिळते, अर्ज हजारोंनी येतात आणि जागा बोटांवर मोजण्याइतक्या असतात. नाव लागलेच तरी त्या सकाळी ढग असू शकतात. आयर्लंडच्या डिसेंबरमध्ये ते असतातच. अर्ज जरूर करावा, पण सहल त्याभोवती आखू नये. वर्षभर प्रत्येक फेरीत विजेच्या दिव्याने तोच परिणाम दाखवतात.

*तपासणी:* तीन आरक्षणांच्या वेळा एका कागदावर मांडा. सलग दोन वेळांमधील रस्त्याला नकाशा जितका वेळ सांगतो त्यात निदान निम्म्याची भर घाला. खेड्यातील रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि मेंढ्या नकाशाला विचारून येत नाहीत.

टप्पा ४: गाडी आणि सामान

न्यूग्रेंज गाडीवाचून जमते: डब्लिनहून आगगाडीने द्रोहेडा आणि तिथून टॅक्सी. बाकीच्या स्थळांसाठी मात्र गाडी हवी. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असल्यामुळे भारतीय चालकाला जड जात नाही; जड जातात ते रस्ते. स्थानिक ग्रामीण रस्त्यांची वेगमर्यादा फेब्रुवारी २०२५ पासून ताशी ८० वरून ६० किलोमीटर झाली आहे, आणि काही रस्त्यांच्या मधोमध गवत उगवलेले असते, यावरून त्यांची रुंदी ओळखावी. समोरून वाहन आले तर जवळच्या फाटकापाशी किंवा रुंद जागी थांबून वाट द्यायची आणि वाट मिळाली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचे. हाच तिथला नमस्कार. गाडी भाड्याने देणाऱ्याला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो का, आणि उत्तर आयर्लंडात जायचे असल्यास विमा तिथे चालतो का, हे आधीच लेखी विचारून घ्यावे.

सामानात घोट्यापर्यंतचे जलरोधक बूट, टोपी असलेले पावसाळी जाकीट, अंगातले कपडे दोन जोड जास्त, कपाळावर बांधायची बॅटरी आणि एक मोठी प्लास्टिकची चादर. छत्री घरी ठेवावी, टेकडीवरच्या वाऱ्यात ती पहिल्या पाच मिनिटांत उलटी होते. खाण्यासाठी कोरडा चिवडा, धपाटे चालतील. परंतु युरोपीय संघाबाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे, त्यामुळे पेढे आणि तुपाची बरणी विमानतळावरच सोडावी लागेल. खेड्यातल्या पबचे स्वयंपाकघर संध्याकाळी लवकर बंद होते. शाकाहारी माणसाने दुपारचे जेवण गाडीत असल्याखेरीज निघू नये.

टप्पा ५: ब्रू ना बोन्या

इथली सर्वांत महाग चूक मी स्वतः केली आहे. नकाशात ‘न्यूग्रेंज’ टाकले आणि त्याने मला इमानेइतबारे वास्तूपाशी, म्हणजे नदीच्या उत्तर तीरावर नेऊन सोडले. कुंपणापलीकडे पांढऱ्या गारगोटीची ती भिंत उन्हात चमकत होती, पण प्रवेश मात्र दक्षिण तीरावरील डोनोर गावाजवळच्या केंद्रातूनच होता. नदी ओलांडायला पुन्हा फिरून स्लेनच्या पुलावर यावे लागले आणि केंद्रात पोहोचेपर्यंत माझ्या वेळेची बस निघून गेली होती.

म्हणून नकाशात वास्तूचे नाव टाकू नका, अभ्यागत केंद्राचे टाका. केंद्रात गाडी उभी करून पायी पूल ओलांडायचा आणि पलीकडून केंद्राच्याच बसने वास्तूपर्यंत जायचे. हे सगळे धरून तिकिटावरील वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे आणि संपूर्ण भेटीला तीन तास राखावेत.

आतला बोळ अरुंद आणि ठेंगणा आहे. काही ठिकाणी वाकून, अंग तिरके करून जावे लागते. पाठीवरची पिशवी बाहेर ठेवावी लागते आणि आत छायाचित्रणाला मनाई आहे. बंदिस्त जागेची भीती असलेल्या व्यक्तीने हे वाटाड्याला आधी सांगून शेवटी आत जावे, म्हणजे बाहेर पडायची वेळ आल्यास इतरांना मागे सरकावे लागत नाही. दालनात पोहोचल्यावर आधी वर पाहा: दगडावर दगड किंचित पुढे सरकवत रचलेले ते छत सुमारे सहा मीटर उंच आहे आणि पाच हजार वर्षांत त्यातून पाणी गळलेले नाही. नंतर आतल्या कोनाड्यातील तिहेरी वलय शोधा. दिवे मालवल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. त्या अवधीत बोलू नये.

याच परिसरातील नाउथ या दुसऱ्या प्राचीन समाधीच्या ढिगाऱ्याची फेरी मिळाली तर घ्यावी. आत जाता येत नाही, पण काठाच्या दगडांवरील कोरीवकाम तिथे न्यूग्रेंजपेक्षा जास्त पाहायला मिळते, आणि माझ्या मते तेच या परिसरातले सर्वोत्तम आहे.

टप्पा ६: तारा

राजांची टेकडी म्हणून आलेल्या माझ्या सासऱ्यांनी अर्धा तास फिरून विचारले, “अहो, पण किल्ला कुठे आहे?” ते त्या वेळी किल्ल्याच्या तटावरच उभे होते. रायगड-सिंहगड पाहिलेल्या डोळ्यांना दगडी तट हवा असतो. इथे ‘राथ’ म्हणजे मातीचा गोल बांध आणि त्यालगतचा चर. त्यामुळे ताराला जाण्यापूर्वी वरून घेतलेले एक छायाचित्र फोनमध्ये उतरवून घ्यावे आणि प्रत्यक्ष चालताना ते हातात धरावे. फोटोतली दोन वर्तुळे एकमेकांना चिकटलेली दिसतात: एक कॉर्मकचे घर, दुसरे फॉराद. ती ओळखली की बाकीची टेकडी आपोआप वाचता येते.

फॉरादवर लिया फॉल उभा आहे. खरा राजा स्पर्श करताच गर्जना करणारा दगड, अशी कथा. आपल्याकडील माणसाला तो पाहताक्षणी शिवलिंग आठवते आणि हात आपसूक जोडले जातात. हात जोडण्याला हरकत नाही. हळदकुंकू, तेल, पाणी, फुले, नाणी यांना मात्र आहे. या दगडावर २०१२ मध्ये हातोड्याचे घाव घातले गेले आणि २०१४ मध्ये रंग ओतला गेला, त्यामुळे त्यावर काही लावताना दिसणारा माणूस तिथल्या लोकांना भाविक वाटत नाही.

*सावधान:* जवळच्या झाडाला बांधलेल्या चिंध्या नवसाच्याच असतात. आपण प्लास्टिकची रिबन किंवा मास्क बांधू नये; फांदी गळफास लागल्यासारखी सुकते.

टप्पा ७: लॉफक्रू आणि उश्नाख, थोडक्यात

लॉफक्रू या प्राचीन समाधींच्या टेकडीची चढण लहान पण खडी आहे आणि ओल्या गवतावरून उतरताना पाय घसरतो. टी क्रमांकाच्या ढिगाऱ्याचे दार कुलूपबंद असते, म्हणून आत जाता येईलच असे धरून चालू नये. बाहेरची ‘म्हातारीची खुर्ची’ म्हटली जाणारी शिळा आणि चौफेर दिसणारा प्रदेश यासाठीच चढावे. उश्नाखला वाटाडा कॅटस्टोनपाशी नेतो. हा फुटका, प्रचंड शिलाखंड ज्या एरिऊ देवीवरून आयर्लंडला नाव मिळाले तिची समाधी मानला जातो. तिथे पोहोचण्यापूर्वी फाटके लागतात, आणि त्यांचा नियम एकच: बंद होते तर बंद करा, उघडे होते तर उघडे ठेवा. आयर्लंडमध्ये कुठल्याही रानातून फिरण्याचा सार्वत्रिक हक्क नाही. शेतकऱ्याच्या मर्जीवर वाट चालू असते.

टप्पा ८: रॅथक्रोहन आणि मांजरांची गुहा

आधी टल्स्कच्या केंद्रातील प्रदर्शन पाहा, मग मेव्ह राणीचा मोठा ढिगारा, आणि गुहा सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा केला तर चिखलाने माखलेल्या कपड्यांनी प्रदर्शन पाहावे लागते.

गुहेचे तोंड एका शेताच्या कडेला, झुडपाखाली आहे आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते कोल्ह्याचे बीळ वाटते. ही मॉरिगन या युद्धदेवीची जागा, परलोकाचे दार, आणि सॉविनच्या रात्री इथून काय काय बाहेर पडते याच्या कथा वाटाडा सांगतो. शिरताना पायांकडून, अंग मागे टेकवून उतरावे लागते. उतरण्याआधी बॅटरीचा झोत वरच्या दगडी तुळईकडे टाका: तिच्या कडेवर ओघम या जुन्या आयरिश लिपीच्या रेघा आहेत आणि त्यांत ‘मेव्हचा पुत्र फ्रेख’ याचे नाव आहे. बहुतेक जण पाय कुठे ठेवायचा या काळजीत खालीच पाहतात आणि कथेतल्या नावांचा हा कोरीव पुरावा डोक्यावरून निघून जातो. पुढे माणसाने बांधलेला बोळ संपून नैसर्गिक कपार सुरू होते, छत एकदम उंचावते आणि पायाखालचा चिखल घोटा गिळतो. पाय खेचून काढताना बूट आतच राहण्याचा प्रकार मी दोनदा पाहिला आहे, म्हणून नाडी दुहेरी गाठ मारून बांधावी.

*तपासणी, उतरण्यापूर्वी:* गाडीची किल्ली चेन असलेल्या खिशात. फोन गळ्यात नाही, आतल्या खिशात. गुडघेदुखी असणारी व्यक्ती वर थांबणार आणि तिच्याकडे पाणी व सुके कपडे आहेत. आदल्या रात्री मोठा पाऊस झाला असेल तर वाटाडा नाही म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नये.

टप्पा ९: नॉकनारे

स्लायगोजवळच्या या ३२७ मीटर उंच डोंगराच्या माथ्यावर मेव्हची समाधी म्हणून ओळखला जाणारा दगडांचा प्रचंड रास-ढिगारा आहे. तो उघडलेला नाही, आणि त्यावर चढू नये. वर जाताना एक दगड घेऊन जायची जुनी रीत ऐकून लोक दगड नेतात, आणि खाली येताना आठवण म्हणून एक उचलतात. दोन्ही करू नयेत. ढिगारा दगड-दगडाने सरकतो आहे.

ढग माथ्यावर उतरले असतील तर खाली थांबावे. वर काही दिसत नाही आणि वाटही चुकते. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारापर्यंत उजेड असतो, त्यामुळे सायंकाळी पुन्हा प्रयत्न करता येतो. डिसेंबरमध्ये चारनंतर लगेच अंधारते, तेव्हा दुपारी एकनंतर चढायला सुरुवात करू नये. संकटात ११२ हा क्रमांक लावावा.

या सर्व ठिकाणी तीन गोष्टी सरसकट टाळाव्यात: परवानगीशिवाय ड्रोन, कुठल्याही दगडावर खडू किंवा पाणी फासून कोरीवकाम ‘उठावदार’ करणे, आणि धातुशोधक यंत्र. परवान्याशिवाय असे यंत्र स्मारकाजवळ वापरणे हा आयर्लंडमध्ये गुन्हा आहे.

टप्पा १०: परतताना

चिखलाचे बूट आणि कपडे डिकीत प्लास्टिकच्या चादरीवरच ठेवावेत, कारण आसनांवरील चिखलासाठी गाडी देणारे वेगळे पैसे आकारतात. डब्लिनला वळसा घालणाऱ्या एम-५० महामार्गावर टोलनाका दिसत नाही. कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत टोल भरायचा असतो. भाड्याच्या गाडीचा टोल कोण भरणार हे गाडी घेतानाच विचारून ठेवावे, आणि आपण भरायचा असेल तर पावती फोनमध्ये जपून मगच किल्ली परत द्यावी.